उपदेश फक्त कर्जदारालाच?

गरीब माणूस गरीब का राहतो, या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आमच्या समाजात फिरत असतात. पहिले उत्तर शैक्षणिक मेळाव्यांत, जलशांत आणि सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यांत ऐकू येते. लोक मेहनत करत नाहीत, मुलांना शिकवत नाहीत, लग्नात उधळतात, गुटखा खातात आणि मग कर्जबाजारी होतात. दुसरे उत्तर निवडणुकीच्या सभेत मिळते. सरकार पक्षपाती आहे, बँका दारात उभे करत नाहीत, सच्चर समितीने सगळे सांगून ठेवले आहे, मग आपण काय करणार? पहिले उत्तर देणारा भाषण संपवून गाडीत बसतो. दुसरे उत्तर देणारा मते घेऊन जातो. कर्जदार तिथेच असतो आणि त्याचे व्याज रात्रभर चालू असते.

आम्हाला ही दोन्ही उत्तरे नामंजूर आहेत. त्यांत खरे काहीच नाही असे आम्ही म्हणत नाही. दोन्हींत थोडे थोडे खरे आहे आणि म्हणूनच ती फसवी आहेत. आमची कसोटी साधी आहे. ज्याच्या हातात जितका निर्णय, त्याच्या माथ्यावर तितकी जबाबदारी. या कसोटीवर गरिबाला तपासा, त्याची ना नाही. पण त्याच कसोटीवर सावकाराला, मालकाला, बँकेला, सरकारला, मशिदीच्या विश्वस्ताला आणि आमच्या नव्या मध्यमवर्गालाही तपासा. उपदेशाची सगळी वळणे एकट्या कर्जदाराच्याच घराकडे का जावीत?

हा उपदेश नवा नाही, आणि तो फक्त मुसलमानालाच झाला असेही नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. पाहता पाहता पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतली गावे पेटली. इतिहासात हे दख्खनचे दंगे म्हणून नोंदले गेले. ठिकठिकाणी माणसांपेक्षा कागदांवर राग निघाला, कारण गळ्यातला फास कागदाचा आहे हे कुणब्याला नीट ठाऊक होते. त्या काळच्या शहाण्या लोकांचे निदान काय होते? कुणबी लग्नकार्यात उधळतो, म्हणून बुडतो. इंग्रज सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगाने लग्नखर्चाच्या या कारणाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले जाते, असा निर्वाळा दिला. लग्ने काही रोज होत नाहीत, आणि वर्षानुवर्षांचा हिशेब मांडला तर हा खर्च त्या माणसाच्या मानाने अवाजवी ठरत नाही, असे त्याचे म्हणणे होते. खरी कारणे वेगळी होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, कापसाचे भाव चढले आणि सावकाराने हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळले, सावकाराने हात आखडला. त्यातच इंदापूर, भीमथडी या भागांत नव्या आकारणीने शेतसारा वाढला. मिसिसिपीच्या काठी चाललेल्या लढाईवर आमच्या कुणब्याचे काय नियंत्रण होते? पण खतावर अंगठा त्याचा होता, म्हणून दोषही त्याचाच ठरला.

१८७९ साली सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. चार वर्षांनी, १८८३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. जोतीरावांनी सारा, अंमलदार, कोर्टकचेऱ्या आणि धर्माच्या नावाने चालणारी लूट यांचा एकेक करून हिशेब मांडला. आणि त्याच दमात शेतकऱ्याला विद्येचा मार्गही दाखवला. लुटणाऱ्याला मोकळे सोडायचे नाही आणि लुटल्या जाणाऱ्याला झोपू द्यायचे नाही. गेल्या दीडशे वर्षांत या प्रश्नावर यापेक्षा सरळ वाट कुणी काढल्याचे आम्हाला दिसत नाही.

आता कुणब्याच्या जागी मालेगावचा किंवा भिवंडीचा मागवाला ठेवून पाहा. १८५७ नंतर उत्तरेतून उखडलेली मोमीन-अन्सारी विणकरांची कुटुंबे दक्षिणेकडे सरकली, त्यांतली कितीतरी या गावांत स्थिरावली. हातमागाचा यंत्रमाग झाला. पण माग कुणाचा, सूत कुणाचे आणि कापड कुणाचे, हे प्रश्न सुटले नाहीत. कितीतरी ठिकाणी व्यापारी सूत देतो, कापड घेऊन जातो आणि मागवाल्याच्या हाती फक्त मजुरी टेकवतो. माग चालवणारा कामगार तर त्याच्याही खाली. बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी. वीज गेली की मजुरी गेली, सूत महागले की माग बंद, माग बंद की चूल बंद. घरातल्या बाया कांड्या भरतात, त्यांची मजुरी तर कुणी मोजण्यासारखीही समजत नाही. अशा घरात एकाला कावीळ झाली किंवा बाळंतपण अडले, की मालकाकडून उचल घ्यावी लागते. आपल्या बोलीत ती पेशगी. पेशगी फिटेपर्यंत दुसऱ्या कारखान्यात जास्त मजुरी मिळत असली तरी जाता येत नाही. म्हणजे कर्जाने त्याची बाजारात आपली मेहनत विकण्याची मोकळीकही गहाण पडते. अशा माणसाला ‘मेहनत कर’ म्हणून सांगणे ही थट्टा आहे. त्याच्याजवळ मेहनतीशिवाय दुसरे आहेच काय?

आणि परिस्थिती म्हणजे नुसती हवा नसते, ती तारखांनिशी येते. १९८४ मध्ये भिवंडी पेटली, तेव्हा घरांबरोबर मागही जळाले. मार्च २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला आणि बैलाच्या मांसावर आणि कातड्यावर जगणारी कुरेशी कुटुंबे, त्यांच्याबरोबर चर्मकार आणि भाकड बैल विकून बी-बियाणे आणणारा शेतकरीही, एका सहीने उघडा पडला. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटा बाद झाल्या. आठवड्याची मजुरी रोखीने वाटणाऱ्या धंद्यात रोख नाहीशी झाली. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि वहीवर चालणाऱ्या छोट्या मागवाल्याला कागदपत्रांचा नवा खर्च बसला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि माग थांबले. यांतल्या कोणत्या तारखेला त्या कामगाराने आळस केला होता?

‘शिकत नाहीत’ हा दुसरा ठेवणीतला आरोप. २००१ च्या जनगणनेत देशातल्या मुसलमानांचे साक्षरतेचे प्रमाण ५९.१ टक्के होते, देशाच्या सरासरीपेक्षा कमी. हा आकडा प्रत्येक भाषणात येतो. त्याच जनगणनेतला महाराष्ट्राचा आकडा मात्र भाषणात येत नाही. महाराष्ट्रात मुसलमानांची साक्षरता ७८.१ टक्के होती आणि राज्याची सरासरी ७६.९ टक्के. म्हणजे आमचा समाज अक्षर ओळखण्यात इथे मागे नव्हता. त्याला मोठे कारण असे की इथला मुसलमान बहुसंख्येने शहरात राहतो. ‘शिका म्हणजे गरिबी हटेल’ हे इतके सोपे असते तर महाराष्ट्रातला मुसलमान निदान सरासरीला तरी बसायला हवा होता. तो बसला नाही. मुलगा दहावी होतो आणि बापाच्याच गॅरेजमध्ये पाना धरतो, कारण पुढच्या शिक्षणाला पैसा नाही आणि शिकूनही नोकरीच्या दाराशी नाव विचारले जाते. शिक्षण हवेच, त्यावर वाद नाही. पण दार बंद ठेवून आतून ‘चालत या’ म्हणणाऱ्याला काय म्हणावे?

बँकेचे दार असेच. सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये संसदेपुढे आलेल्या अहवालात नोंदवले आहे की काही बँका मुस्लिम वस्तीला लाल रेघ मारून बाजूला ठेवतात. त्या रेघेच्या आत राहणारा प्रामाणिक असो की अप्रामाणिक, त्याचा पत्ताच त्याचा गुन्हा ठरतो. शासकीय महामंडळे आहेत. त्यांच्या योजनांसाठी जामीनदार लागतो. ज्याच्या ओळखीत पगारदार जामीनदार आहे त्याला मुळात महामंडळाची गरज किती?

मग उरतो गल्लीतला सावकार. त्याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहू. समजा वीस हजार रुपये महिना शेकडा दहा दराने घेतले. महिन्याचे व्याज झाले २,००० रुपये. वर्षभर न चुकता भरले तर २४,००० रुपये गेले, आणि मुद्दल वीस हजार जागच्या जागी. तेवढ्याच रकमेवर बँकेने वर्षाला शेकडा बारा लावले तर पूर्ण वर्षाचे व्याज जास्तीत जास्त २,४०० रुपये. एकाच रकमेला, एकाच वर्षाला, गरीब माणूस दहापट किंमत मोजतो. ज्या माणसाने वर्षात २४,००० रुपये व्याज भरले तो बेशिस्त आहे? त्याची शिस्त आमच्या कितीतरी अब्रूदार लोकांना झेपणार नाही. राज्यात २०१४ पासून सावकारी नियमनाचा नवा कायदा आहे. विनापरवाना सावकारी हा त्यात गुन्हा आहे आणि सावकाराने बळकावलेली स्थावर मालमत्ता परत मिळवण्याची वाटही त्यात आहे. पण या कायद्याची माहिती द्यायला मोहल्ल्यात कोण बसते? सुदाविरुद्ध वाझ होतो, आणि सूद घेणारा त्याच मशिदीत, पहिल्या सफेत उभा असतो.

‘पण गरीब माणसे निर्णयच चुकीचे घेतात’, असेही शिकलेले लोक म्हणतात. त्यांनी तामिळनाडूतल्या एका पाहणीकडे लक्ष द्यावे. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ती आली. चारशेहून अधिक ऊस उत्पादकांची बुद्धीची चाचणी दोनदा घेतली, एकदा तोडणीच्या आधी, हाती पैसा नसताना, आणि एकदा तोडणीनंतर, पैसा आल्यावर. माणूस तोच, शेत तेच. पण तोडणीआधी त्याची उत्तरे कमी बरोबर आली. गरिबी बुद्धी खाते, कारण उद्याच्या हप्त्याची चिंता डोक्यातली जागा अडवून बसते. म्हणजे आम्ही ज्याला त्याचा स्वभाव म्हणतो तो पुष्कळदा त्याचा महिनाअखेर असतो.

इथपर्यंत वाचून दुसऱ्या उत्तराचे पुरस्कर्ते खूश झाले असतील. त्यांनी घाई करू नये. परिस्थितीच्या या यादीखाली पुरुषांची काही कर्तबगारी लपवली जाते. आम्ही तिला अभय देणार नाही. बचत गटाचे कर्ज बाईच्या नावावर निघते. सही तिची, आठवड्याचा हप्ता तिचा, वसुलीवाल्यापुढे मान खाली तिची. पैसा मात्र नवऱ्याच्या मोबाईलला, मटक्याला किंवा दिराच्या बुलेटला जातो. हे अमेरिकेच्या लढाईने केलेले नाही. हे सच्चर समितीच्या अहवालात शोधून सापडणार नाही. इथे निर्णय पुरुषाच्या हातात होता, म्हणून जबाबदारीही पूर्ण त्याची. मुलीची शाळा सातवीत सोडवून तिला कांड्या भरायला बसवले आणि मुलाला क्लास लावला, तर तिथेही परिस्थितीचे नाव घेऊ नये. मेहर देणे पुरुषावर बंधनकारक केलेले आहे. तो मेहर बाकी ठेवून उलट जहेजमध्ये फ्रीज आणि मोटारसायकल मागणारा मुलगा गरीब असला तरी लुटारूच आहे.

पण या जहेजची रीत ठरवतो कोण? लग्नाचा दर वरच्या आळीत ठरतो, खालची आळी तो कर्ज काढून भरते. आखातातून पैसा आला, बिल्डरीत पैसा आला, आणि हॉलमधल्या दावती आणि बिर्याणीचे डेग मोजले जाऊ लागले. आता साध्या निकाहला बसणाऱ्या बापाला ‘पोरीत काही खोट आहे काय’ असे विचारले जाते. सुखवस्तू माणसाला हे थाट टाळण्याची पूर्ण मोकळीक आहे. त्याची मुलगी साध्या निकाहाने गेली तर लोक तिला सादगी म्हणतील. गरिबाची मुलगी तशीच गेली तर लोक तिला लाचारी म्हणतात. म्हणून पहिले पाऊल कोणी टाकायचे, हे उघड आहे. ज्याने दर चढवला त्यानेच तो उतरवावा. स्वतः पाच पक्वान्ने वाढून दुसऱ्याला उधळेपणाबद्दल सुनावणे हा कुठला इन्साफ?

आमच्यातले काही लोक या प्रश्नात मजहब आणतात, तर तोही नीट आणू. जकात कुणाला द्यायची त्याचे आठ हकदार सूरह तौबामध्ये सांगितले आहेत. त्यांत कर्जात बुडालेला माणूस स्वतंत्रपणे मोजला आहे, फकीर आणि मिस्कीन यांच्याशिवाय. गैरकामासाठी काढलेल्या कर्जाचा विचार फुकहांनी वेगळा केला, म्हणजे जबाबदारीचा मुद्दा त्यांनीही सोडला नाही. अडचणीतल्या ऋणकोला मुदत द्या, आणि माफ कराल तर अधिक चांगले, असे सूरह बकरामध्ये आहे. हदीसमधली एक हकीकत तर या वादाचा निकालच लावते. सुरुवातीच्या काळात कर्ज ठेवून गेलेल्या आणि मागे काही न ठेवलेल्या माणसाचा जनाजा आला की पैगंबर स्वतः नमाज पढवत नसत, साथीदारांना पढायला सांगत. अशा एका वेळी अबू कतादा पुढे झाले, हे कर्ज माझ्यावर म्हणाले, आणि मग नमाज झाली. पुढे राज्याच्या हाती साधने आली, तेव्हा पैगंबरांनी जाहीर केले की कर्ज ठेवून मरणाऱ्याचे देणे आता माझ्याकडे. कर्ज हलके समजू नका, ही कर्जदाराला ताकीद. शेजारी पुढे होवो, ही समाजाला ताकीद. आणि खजिना हाती आला की देणे खजिन्याचे, ही राज्यकर्त्याला ताकीद. आमच्या वाइजांना यातली पहिली ताकीद तेवढी पाठ असते.

समाजाचा खजिना काही रिकामा नाही. सच्चर समितीच्या अंदाजाप्रमाणे देशात वक्फच्या सुमारे ४.९ लाख मालमत्ता आणि सहा लाख एकर जमीन होती. बाजारभावाने त्यांची किंमत १.२ लाख कोटी रुपये, आणि वर्षाचे उत्पन्न जेमतेम १६३ कोटी. नीट सांभाळ केला तर वर्षाला १२,००० कोटी मिळू शकतील, असे समितीने म्हटले होते. २०२५ मध्ये वक्फ कायद्यातल्या दुरुस्तीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. हक्कासाठी उतरलेच पाहिजे. पण पडत्या भाड्याने दुकाने मर्जीतल्यांना देणाऱ्या मुतवल्लींविरुद्ध असा मोर्चा कधी निघणार? ज्या विश्वस्तांच्या हातात हा निर्णय होता त्यांना ‘मेहनत करा’ असे कुणी का सांगत नाही?

सरकारचेही तेच. बुडालेल्या कंपन्यांसाठी २०१६ साली दिवाळखोरीची संहिता आली. कर्ज देणाऱ्या बँका मोठ्या रकमांवर पाणी सोडतात, त्याला ‘हेअरकट’ असे गोंडस नाव आहे, आणि कंपनी नव्या मालकासह पुन्हा उभी राहते. त्याच संहितेत अगदी गरीब कर्जदारालाही कोऱ्या पाटीने सुरुवात करू देणारे एक प्रकरण आहे. वार्षिक उत्पन्न साठ हजारांपर्यंत आणि पात्र कर्ज पस्तीस हजारांपर्यंत असलेल्यांसाठी. १ डिसेंबर २०१९ पासून व्यक्तींबाबतच्या तरतुदी लागू झाल्या, पण फक्त कंपन्यांच्या जामीनदारांपुरत्या. गरिबाची कोरी पाटी कागदावरच राहिली. कारखानदार बुडाला तर ती धंद्यातली जोखीम. माग बुडाला तर तो चारित्र्याचा दोष!

म्हणून आमच्या मध्यमवर्गीय मित्रांना आमचे मागणे आहे. उपदेशाचे एक वर्ष बंद ठेवा आणि हिशेबाचे एक वर्ष पाळा. प्रत्येक जमातीने आपल्या मोहल्ल्यातल्या कर्जांची वही करावी. कोण कुणाचे, किती दराने, कशासाठी देणे लागतो, हे नावाचा बोभाटा न करता लिहावे. रमजानच्या जकातीतला ठरलेला वाटा महागड्या कर्जातून माणसे सोडवायला राखून ठेवावा. देवबंदला १९६१ मध्ये मुस्लिम फंड निघाला, म्हणजे बिनव्याजी कर्जाची व्यवस्था उभी राहू शकते हे सिद्ध आहे. आमच्या तालुक्याच्या गावांत पगारदार, डॉक्टर, कंत्राटदार आहेत. त्यांनी जामीनदार म्हणून सही करायला पुढे यावे, ती सही शंभर भाषणांपेक्षा मोलाची आहे. कर्ज नाकारणाऱ्या बँकेकडून नकार लेखी मागावा. पेशगीत अडकलेल्या कामगारांनी मालकाच्या वहीबरोबर आपलीही वही ठेवावी, आणि बचत गटाच्या कर्जावर ज्याने पैसा वापरला त्याचेच नाव हप्त्यापुढे लिहावे.

आणि लेखकमित्रांनो, १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून ओळखीच्या प्रश्नावर आपण पुष्कळ लिहिले आणि ते लिहायला हवेच होते. आता ही वहीही साहित्यात येऊ द्या. पेशगी, हप्ता, गहाण पडलेली बांगडी, बाकी राहिलेला मेहर. ज्याच्या हाती दमडीचाही निर्णय नव्हता त्याला दोषी ठरवणारी भाषा आपल्या मराठीत सहज वापरली जाते. ती भाषा बदलणे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. म्हणून ती जबाबदारीही आपलीच.